शोधयंत्रातील स्वनिर्मित प्राचले आणि पाठनिष्ठा : सोलरजे या जावा ग्रंथालयाची एकनाथी संपादनदृष्टीतून समीक्षा

बीजशब्द : पाठचिकित्सा, शोधयंत्र, पृच्छा, प्राचल, सोलर, सोलरजे, ज्ञानेश्वरी, पैठण.

प्रस्तावना

पैठण ही जशी संतांची भूमी आहे तशी ती संपादनाचीही भूमी आहे. शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध प्रती ताडून पाहिल्या आणि शुद्ध पाठ सिद्ध केला. मूळ ग्रंथ शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मधील. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत लेखनिकांच्या हातून आणि पाठांतराच्या ओघात त्यात जे शिरले होते, ते नाथांनी दूर केले. हे काम पूर्ण झाल्यावर त्यांनी आपण काय केले, का केले आणि कोणत्या शकात केले हे अखेरच्या ओव्यांत सांगून ठेवले. पुढे जो कोणी या ग्रंथात आपल्या पदरची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे, असा इशाराही त्यांनी दिला. मराठीतील पाठसंपादनाच्या इतिहासात या निवेदनाचे मोल असाधारण आहे.

आज हाच ग्रंथ अभ्यासकासमोर पोथीच्या रूपात येतो त्याहून अधिक वेळा संगणकाच्या पडद्यावर येतो. अभ्यासक शोधचौकटीत शब्द लिहितो, कळ दाबतो आणि समोर आलेल्या ओव्यांवरून विधान करतो. ‘हा शब्द ज्ञानेश्वरीत इतक्या वेळा आला आहे’ किंवा ‘हा शब्द नाथांनी वापरलेलाच नाही’ अशी विधाने आता प्रबंधांतून सहज आढळतात. या विधानांचा आधार असलेली पृच्छा शोधयंत्राकडे कोणत्या अटींसह गेली होती, याची नोंद मात्र क्वचितच असते. या अटींनाच संगणकशास्त्रात पॅरामीटर म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांना ‘प्राचले’ असे म्हटले आहे.

सोलर या शोधयंत्राशी संवाद साधणाऱ्या सोलरजे या जावा ग्रंथालयात स्वनिर्मित प्राचले कशी ठेवली जातात, त्या रचनेचे गुणदोष कोणते आणि मराठी ग्रंथांच्या शोधात त्यांचे परिणाम काय होतात, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. शोधाची प्राचले ठरवणे हे संपादनाचेच कार्य असून ते संपादनाप्रमाणेच जाहीर झाले पाहिजे, ही या लेखाची भूमिका आहे.

सोलर आणि सोलरजे : अल्प परिचय

सोलरच्या मुळाशी ल्युसीन हे ग्रंथालय आहे. डग कटिंग यांनी ते १९९९ च्या सुमारास लिहिले आणि २००१ मध्ये ते अपाचे संस्थेच्या छत्राखाली आले. सोलरची निर्मिती योनिक सीली यांनी २००४ मध्ये सीनेट नेटवर्क्स या कंपनीत केली. २००६ च्या आरंभी ते अपाचेकडे सुपूर्द झाले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १.३ या आवृत्तीबरोबर सोलरजे हे जावा ग्रंथालय अधिकृतपणे उपलब्ध झाले. पुढे २०२१ मध्ये सोलर हा अपाचेचा स्वतंत्र प्रकल्प झाला.

मराठी संशोधकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले. त्यानंतर शोधगंगा या भांडारात देशभरातील प्रबंध जमा होऊ लागले. हे भांडार डीस्पेस या प्रणालीवर उभे आहे. डीस्पेस जावा भाषेत लिहिलेली असून तिच्या नव्या आवृत्त्यांतील शोध सोलरवर चालतो आणि त्याच्याशी होणारा संवाद सोलरजेमार्फत होतो. म्हणजे जी यंत्रणा आपण दूरची समजतो तिच्या जातकुळीची साधने आपल्या ग्रंथालयातील संगणकावर आपण नित्य वापरत असतो.

शोधयंत्राकडे जाणारी पृच्छा म्हणजे केवळ शब्द नव्हे. तिच्यासोबत नाव व मूल्य अशा जोड्या जातात. ‘क्यू’ या प्राचलात शोधावयाचा शब्द असतो, ‘एफक्यू’मध्ये गाळणीची अट असते आणि ‘रोज’ हे प्राचल किती ओळी परत द्यायच्या ते सांगते. सोलरजेमध्ये ‘सोलरक्वेरी’ हा वर्ग या सर्व जोड्या वाहून नेतो. नेहमीच्या प्राचलांसाठी त्यात स्वतंत्र पद्धती आहेत; उदाहरणार्थ ‘सेटक्वेरी’, ‘सेटरोज’, ‘अ‍ॅडफिल्टरक्वेरी’. याखेरीज ज्या प्राचलांसाठी अशी पद्धती नाही त्यांच्यासाठी ‘सेट’ आणि ‘अ‍ॅड’ या दोन सर्वसाधारण पद्धती आहेत. त्यांना कोणतेही नाव आणि कोणतेही मूल्य देता येते. स्वनिर्मित प्राचलांचा मार्ग तो हाच.

रचनेचे गुण

या रचनेचा पहिला गुण म्हणजे तिचे औदार्य. सर्व्हरवर कोणी स्वतःचा शोधघटक लिहिला असेल आणि त्याला ‘प्रत’ नावाचे प्राचल हवे असेल, तर सोलरजेमध्ये एका अक्षराचाही बदल करावा लागत नाही. ‘सेट’ पद्धतीला ‘प्रत’ हे नाव आणि ‘एकनाथी’ हे मूल्य दिले की ते जसेच्या तसे सर्व्हरपर्यंत पोचते. ग्रंथालयाच्या कर्त्यांनी भविष्यातील सर्व गरजा आपल्याला आधीच कळाल्या आहेत असा आव आणलेला नाही, ही गोष्ट निःसंशय प्रशंसनीय आहे.

दुसरा गुण देवनागरीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते आणि संकेतस्थळाच्या पत्त्यात लिहिताना त्याची नऊ चिन्हे होतात. असा पत्ता प्रोग्रॅमकाराने हाताने जोडायचा म्हटले तर चूक होणारच. सोलरजे हे संकेतन स्वतः करते, आणि पृच्छा फार लांबली तर ती पत्त्यातून न पाठवता पोस्ट पद्धतीने पाठवण्याची सोयही देते. टॉमकॅट या सर्व्हरच्या आठव्या आवृत्तीपूर्वी पत्त्यातील अक्षरांचे गृहीत संकेतन पाश्चात्त्य लिपीचे होते. ती मांडणी बदलली नाही तर मराठी शब्द सर्व्हरवर पोचेपर्यंत त्याचा चुराडा होत असे. त्या काळात ज्यांनी मराठी मजकुरासाठी शोधयंत्र उभारले त्यांना या सोयीचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

तिसरा गुण पृच्छेची चौकट आणि वाचकाचा शब्द वेगळे ठेवण्याचा. सोलरच्या स्थानिक प्राचलांच्या लेखनपद्धतीत डॉलर चिन्हापुढे दुसऱ्या प्राचलाचे नाव लिहून त्याचे मूल्य उचलता येते. त्यामुळे प्रोग्रॅमकार गाळणीची चौकट एकदाच लिहितो आणि वाचकाने निवडलेली प्रत स्वनिर्मित प्राचलातून तिच्यात भरली जाते. वाचकाने लिहिलेल्या कंसाचा किंवा अवतरणचिन्हाचा अर्थ शोधयंत्राने आज्ञा म्हणून लावण्याचा धोका यामुळे कमी होतो.

रचनेचे दोष

उदारतेच्या पोटीच या रचनेचे दोषही जन्मले आहेत. ते समजण्यासाठी एक साधी मांडणी गृहीत धरू. ज्ञानेश्वरीची प्रत्येक ओवी ही एक स्वतंत्र नोंद आहे. प्रत्येक नोंदीत प्रत, अध्याय, ओवीक्रमांक आणि पाठ अशी क्षेत्रे आहेत. एकनाथी परंपरेतील पाठ आणि १९०९ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून प्रसिद्ध केलेला पाठ, असे दोन्ही एकाच भांडारात आहेत. अभ्यासकाला केवळ राजवाडे प्रतीत एखादा शब्द पाहावयाचा आहे.

पहिला दोष मौनाचा. गाळणीच्या प्राचलाचे नाव ‘एफक्यू’. क्षेत्रांना भार देणाऱ्या प्राचलाचे नाव ‘क्यूएफ’. दोन अक्षरे उलटली की अर्थ बदलला. घाईत ‘सेट’ पद्धतीला ‘एफक्यू’ऐवजी ‘क्यूएफ’ हे नाव दिले गेले, तर जावाचा संकलक काहीच म्हणत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही निव्वळ अक्षरमाला आहेत. सोलरजे काही म्हणत नाही, कारण कोणतेही नाव स्वीकारणे हेच त्याचे धोरण. सोलरचा नेहमीचा पृच्छावाचक वापरात असेल तर तोही या प्राचलाकडे ढुंकून पाहत नाही. उत्तर मात्र येते. त्यात दोन्ही प्रतींच्या ओव्या सरमिसळ होऊन येतात आणि अभ्यासक त्या सगळ्या राजवाडे प्रतीच्या समजून मोजतो. नाथांनी ज्या सरमिसळीविरुद्ध इशारा दिला तीच येथे लेखनिकाच्या हाताविना घडते. जावा ही भाषा आपल्या काटेकोरपणासाठी प्रसिद्ध आहे. ‘सेटरोज’ या पद्धतीचे नाव चुकले तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. अक्षरमालेच्या दारातून आत आल्यावर मात्र हा काटेकोरपणा संपतो.

या बाबतीत तुलना उद्बोधक ठरेल. ल्युसीनवरच उभारलेल्या इलॅस्टिकसर्च या शोधयंत्राने २०१६ मधील पाचव्या आवृत्तीपासून पत्त्यातील अनोळखी प्राचल नाकारण्याचे धोरण घेतले. तेथे नाव चुकले तर चुकीचा संदेश येतो. प्रोग्रॅमकाराला ते जाचक वाटेल. पण ज्या अभ्यासकाचे विधान त्या उत्तरावर उभे आहे, त्याच्या दृष्टीने चुकीचा संदेश हे उपकारच होत.

दुसरा दोष ‘सेट’ आणि ‘अ‍ॅड’ यांच्या भेदाचा. ‘अ‍ॅड’ आधीच्या मूल्यात भर घालते; ‘सेट’ आधीची सर्व मूल्ये पुसून नवे मूल्य ठेवते. प्रथम ‘अ‍ॅडफिल्टरक्वेरी’ने प्रतीची गाळणी लावली आणि नंतर ‘सेट’ने अध्यायाची गाळणी त्याच ‘एफक्यू’ नावाखाली ठेवली, तर प्रतीची गाळणी निघून जाते. शिवाय ‘सेट’ला मूल्य म्हणून जावातील ‘नल’, म्हणजे मूल्याचा अभाव, दिला गेला तर ते प्राचलच काढून टाकले जाते. वाचकाने प्रत निवडलेली नसणे आणि वाचकाने सर्व प्रती मागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या ठिकाणी त्या एकरूप होतात.

तिसरा दोष अधिकाराचा. पृच्छेसोबत गेलेली प्राचले हाच अखेरचा शब्द नसतो. सर्व्हरच्या मांडणीत तीन प्रकारच्या याद्या ठेवता येतात. पहिल्या यादीतील मूल्ये पृच्छेत ते प्राचल नसेल तरच लागू होतात. दुसरीतील मूल्यांची भर पृच्छेत नेहमीच पडते. तिसरीतील मूल्ये पृच्छेने काहीही म्हटले तरी तीच राहतात. ही सोय सुरक्षिततेसाठी योग्यच आहे. पण त्यामुळे जावा प्रोग्रॅम वाचून शोध कसा झाला हे कळत नाही. अभ्यासकाने मागितलेले आणि यंत्राने प्रत्यक्षात केलेले यांत अंतर पडू शकते, आणि ते अंतर उत्तराच्या पानावर दिसत नाही.

गृहीत मूल्यांचा प्रश्न

जे प्राचल दिलेच नाही त्यालाही मूल्य असते, ही गोष्ट वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. ओळींची संख्या सांगितली नाही तर सोलर १० नोंदी परत करते. दोन शब्द दिले आणि त्यांतील संबंध सांगितला नाही, तर नेहमीचा पृच्छावाचक ‘किंवा’ असा संबंध गृहीत धरतो. दोहोंपैकी एक शब्द असलेली ओवीही उत्तरात येते.

येथे पैठणच्याच दुसऱ्या एका ग्रंथाचे स्मरण होते. प्रतिष्ठानच्या सातवाहन कुळातील राजा हाल याने एक कोटी गाथांमधून सातशे निवडल्या, असे गाथासप्तशती स्वतःच सांगते. कोटीचा आकडा अक्षरशः घ्यावा असे कोणी म्हणणार नाही. पण निवड झाली, निवडणारा कोण होता आणि निवडीची संख्या किती होती, हे त्या ग्रंथाने वाचकापासून लपवले नाही. आजचे शोधपान दहा नोंदी दाखवते तेव्हा तीही निवडच असते. ती कोणी, कोणत्या कसोटीवर केली हे विचारण्याची सवय आपण गमावत आहोत.

मराठी पाठाचा विशेष प्रश्न

आतापर्यंतचे दोष कोणत्याही भाषेला लागू पडतील. मराठीच्या, विशेषतः हस्तलिखितांतून आलेल्या मराठीच्या बाबतीत त्यांत आणखी एकाची भर पडते. जुन्या पोथ्यांत ऱ्हस्व-दीर्घाचा नियम आजच्यासारखा पाळलेला नसतो. लेखनिक ‘दीन’ हा शब्द ‘दिन’ असाही लिहितो. त्यामुळे जसाच्या तसा शब्द शोधला तर अनेक ओव्या निसटतात. उपाय म्हणून ल्युसीनमधील हिंदीसाठीची सामान्यीकरणाची गाळणी मराठीला लावण्याचा मोह होतो. ही गाळणी दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करते, चंद्रबिंदूचा अनुस्वार करते आणि हलन्तचिन्ह काढून टाकते. मग दीनांचा कैवार आणि दिवसाचा दिन एक होतात. पुराण सांगणारा सूत आणि वसुदेवाचा सुत यांतील भेद मिटतो. नाथांच्या भागवतावर काम करणाऱ्याला हा भेद मिटणे परवडणारे नाही.

म्हणून दोन क्षेत्रे ठेवणे इष्ट होय : एकात पाठ जसाच्या तसा, दुसऱ्यात समरूप केलेला. कोणत्या क्षेत्रात शोधायचे आणि कोणाला किती भार द्यायचा हे प्राचलाने ठरते. ‘लेखनभेद’ नावाचे स्वनिर्मित प्राचल करून त्याला ‘पाळावा’ किंवा ‘सोडावा’ अशी दोन मूल्ये देता येतील आणि जावा प्रोग्रॅम त्यानुसार क्षेत्रांचे भार ठरवील. मात्र हे ध्यानात घ्यावे लागेल की जे पाठ भांडार सिद्ध करताना नोंदलेच गेले नाही ते पृच्छेच्या वेळी कोणत्याही प्राचलाने परत मिळत नाही. केवळ समरूप पाठ साठवून मूळ पाठ सोडून दिला असेल, तर ती हानी ग्राहकाच्या बाजूने भरून निघत नाही.

हे सर्व तांत्रिक वाटेल. पण यात पणाला लागलेली गोष्ट तांत्रिक नाही. मराठी संशोधनात नकारात्मक विधानाला फार वजन असते. अमुक शब्द एकनाथपूर्व प्रतीत नाही, म्हणून ती ओवी प्रक्षिप्त. अमुक रूप नाथांच्या ग्रंथात नाही, म्हणून तो अभंग नाथांचा नव्हे. असे युक्तिवाद आपण करतो. पोथी पानोपान वाचून ‘नाही’ म्हणणारा अभ्यासक आपल्या डोळ्यांची साक्ष देत असे. शोधपानावर शून्य आकडा पाहून ‘नाही’ म्हणणारा अभ्यासक ज्या साक्षीदारावर विसंबतो, त्याला काय विचारले गेले हेच त्याला ठाऊक नसते.

उपाययोजना

सोलरमध्येच या दोषांवरील उपायांची साधने आहेत. ती वापरण्याची शिस्त हवी. ‘एकोपॅराम्स’ या प्राचलाला ‘ऑल’ हे मूल्य दिले असता सर्व्हर आपल्या उत्तराच्या शीर्षभागात प्रत्यक्ष वापरासाठी जमलेली सर्व प्राचले, गृहीत मूल्यांसह, परत सांगतो. सोलरजेमधून हा शीर्षभाग वाचता येतो. तो वाचकाला उत्तराखाली दाखवणे कठीण नाही. चिकित्सक आवृत्तीत पानाच्या तळाशी पाठभेद देतात, त्याच जागी ही यादी शोभून दिसेल. ही यादी चूक दुरुस्त करीत नाही, पण उलटलेली दोन अक्षरे डोळ्यांना दिसण्याची संधी देते.

प्रोग्रॅमकाराने प्राचलांची नावे ठिकठिकाणी अक्षरमाला म्हणून लिहू नयेत. सोलरने नेहमीच्या नावांसाठी स्थिरांक दिलेले आहेत, ते वापरावेत. स्वनिर्मित नावांसाठी तसाच एक वर्ग करून त्यात ती एकदाच लिहावीत. प्रत निवडलेली नसेल तर पृच्छा पाठवण्याऐवजी वाचकालाच विचारावे. आणि शेवटी, प्रत्येक भांडारासाठी एक कसोटीची पृच्छा ठेवावी : जो पाठ एकाच प्रतीत आहे हे पोथीवरून निश्चित ठाऊक आहे, तो दुसऱ्या प्रतीत शोधून शून्य उत्तर येते का हे पाहावे. ते आले नाही तर गाळणी गळकी आहे असे समजावे.

निष्कर्ष

१. सोलरजेमधील ‘सेट’ आणि ‘अ‍ॅड’ या पद्धती स्वनिर्मित प्राचलांना मुक्त वाव देतात. ही मुक्तता उपयुक्त आहे, परंतु चुकीच्या नावाविषयी बाळगलेले मौन हा तिचा गंभीर दोष होय.

२. प्राचलांचे अंतिम मूल्य प्रोग्रॅम, सर्व्हरची मांडणी आणि गृहीत मूल्ये या तिघांच्या मेळातून ठरते. त्यामुळे केवळ प्रोग्रॅम वाचून किंवा केवळ उत्तर पाहून शोधाची चिकित्सा करता येत नाही.

३. जुन्या मराठी ग्रंथांसाठी हिंदीची सामान्यीकरणाची गाळणी एकटी लावणे घातक आहे. मूळ आणि समरूप अशी दोन्ही क्षेत्रे ठेवून निवड वाचकाच्या हाती देणे योग्य.

४. शोधाच्या आधारे संख्यात्मक किंवा नकारात्मक विधान करणाऱ्या प्रबंधात भांडाराचे नाव, शोधाचा दिनांक आणि वापरलेली सर्व प्राचले यांची नोंद असावी. मार्गदर्शकांनी आणि परीक्षकांनी तिची मागणी करावी.

एकनाथांनी शुद्ध केलेली प्रत आपल्यापर्यंत पोचली, आणि तिच्यासोबत ती कशी सिद्ध झाली याचे त्यांचे निवेदनही पोचले. राजवाडे यांना नाथांच्या पाठाशी मतभेद मांडता आला, तो नाथांनी आपला हात लपवला नव्हता म्हणून. संगणकाच्या साहाय्याने होणाऱ्या आपल्या अभ्यासाशी पुढच्या पिढीला असाच मतभेद मांडता यायचा असेल, तर आपली पृच्छाही आपण त्यांच्या हाती जशीच्या तशी ठेवली पाहिजे.